श्नित्झर: पन्नास वर्षं जिंकत आलेली रेसिंग टीम एका करारावर का संपली?

खाडीकाठ (दाभोळ)

फॉर्म्युला वनवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. मला मात्र पहिल्यापासून टूरिंग कारचं वेड. रस्त्यावर धावते तीच गाडी, तोच सांगाडा, तेच दरवाजे. आतल्या सीटा काढून लोखंडी पिंजरा बसवलेला आणि इंजिन नियमात बसेल तेवढं तयार केलेलं. दोन गाड्या दरवाजाला दरवाजा घासत वळण घेतात आणि तरी शर्यत चालू राहते.

या प्रकारात मला सगळ्यात जास्त आदर आहे तो श्नित्झर टीमबद्दल. जर्मनीच्या दक्षिण टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून फ्रायलासिंग नावाचं छोटं गाव आहे. नदी ओलांडली की साल्झबर्ग. तिथल्या जोसेफ आणि हर्बर्ट श्नित्झर या भावांनी साठच्या दशकात सुरुवात केली. जोसेफ स्वतः गाडी चालवायचा, १९६६ मध्ये बीएमडब्ल्यू २००० टीआय घेऊन तो जर्मन विजेता झाला. १९७८ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. पुढे त्यांचा सावत्र भाऊ चार्ली लाम याने टीमची सूत्रं हातात घेतली आणि तीसहून जास्त वर्षं सांभाळली.

त्या काळात काय काय जिंकलं ते बघा. युरोपियन टूरिंग कार विजेतेपद १९८३, १९८६ आणि १९८८ ला. १९८७ ला पहिलंच जागतिक विजेतेपद. १९८९ ला डीटीएम, म्हणजे जर्मनीची टूरिंग कार मालिका, १९९३ ला ब्रिटिश, १९९५ ला जपानी. नुर्बुर्गरिंगची २४ तासांची शर्यत पाच वेळा. १९९९ ला ल माँ. बीएमडब्ल्यू वीस वर्षांनी डीटीएममध्ये परतली तेव्हा, २०१२ ला, पहिल्याच वर्षी ब्रुनो स्पेंग्लरला विजेता केलं तेही यांनीच.

आणि २०२० च्या अखेरीस बीएमडब्ल्यूने करार पुढे न्यायचा नाही असं ठरवलं, आणि टीम बंद झाली.

माझा प्रश्न असा: हा सगळा इतिहास कोणाचा? गाड्या, इंजिनं, पैसा बीएमडब्ल्यूचा हे खरं. पण मग दुसऱ्या टीमा तीच गाडी घेऊन तेवढं का जिंकल्या नाहीत? आणि एवढं ज्ञान असलेली टीम स्वतःच्या पायावर उभी का राहू शकली नाही?

पेढे_परशुराम

छान धागा. एसी श्नित्झर म्हणून गाड्यांची चाकं आणि स्पॉयलर विकतात, ते हेच का?

अभ्यासू_बगळा

नाही. एसी श्नित्झर ही आखेनची कंपनी, १९८७ ची. हर्बर्ट श्नित्झरचा तिच्या स्थापनेत हात होता म्हणून नाव सारखं. ती रस्त्यावरच्या बीएमडब्ल्यू गाड्या सजवते आणि सुधारते. रेसिंग टीम फ्रायलासिंगची, वेगळी. टीम गेली तरी ते दुकान चालू राहिलं, म्हणून पुष्कळांना टीम बंद झाल्याचं कळलंच नाही.

पाना_बारा (चिपळूण)

मी गॅरेजवाला आहे, तेव्हा गॅरेजच्या बाजूने बोलतो.

कंपनी गाडी देते म्हणजे काय देते? सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, कागदावरचे आकडे. त्यापुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) किती द्यायचा, टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) किती, मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) किती सैल ठेवायचा, टायर कितव्या फेरीला गरम होतो आणि कितव्या फेरीला मरतो, हे सगळं टीमचं. दोन शर्यतींच्या मध्ये रात्री गाडी पूर्ण खोलून सकाळी उभी करायची, तेही टीमचं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं, ते हाताला कळतं.

२०२१ च्या जुलैच्या पुरात माझं गॅरेज पाण्याखाली गेलं. कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन, स्पॅनरचे संच, गिऱ्हाइकांच्या गाड्या, सगळ्यात चिखल. अवजारं हळूहळू परत घेता आली. पण माझे दोन मिस्त्री त्या वेळी मुंबईला निघून गेले असते तर आज गॅरेज नसतं. गाडीचा आवाज ऐकून बुश गेलाय की शॉकअप, हे सांगणारा माणूस विकत मिळत नाही.

तेव्हा माझं उत्तर सरळ आहे. इतिहास फ्रायलासिंगच्या मिस्त्रींचा.

वेंगुर्ला_एक्सप्रेस

पाना दादा, मान आहे, पण पूर्ण सहमत नाही. बीएमडब्ल्यूची एम३ गाडी बघा. १९८७ ची टूरिंग कार ‘ग्रुप ए’ नियमाने धावायची. त्यात अट होती की त्या मॉडेलच्या ५००० गाड्या बनवायच्या, तरच शर्यतीला परवानगी. म्हणजे आधी बीएमडब्ल्यूने हजारो लोकांना विकायची गाडी शर्यत डोळ्यासमोर ठेवून बनवली. मागचे फुगीर मडगार्ड, बदललेली मागची काच, उंच डिकी, सगळं त्यासाठीच. आणि ते २.३ लिटरचं चार सिलिंडर इंजिन पॉल रोशेचं. हा इंजिनिअर बीएमडब्ल्यूचा. हे श्नित्झर कुठून आणणार होते?

मोठी कंपनी असल्याशिवाय टूरिंग कारमध्ये टीम काही करू शकत नाही. हे कडू आहे, पण खरं आहे.

अभ्यासू_बगळा

वेंगुर्ला एक्सप्रेस, एम३ पुरतं बरोबर. पण श्नित्झर एम३ च्या फार आधीपासून आहेत. बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर इंजिनासाठी सोळा व्हॉल्व्हचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) त्यांनी स्वतः बनवलं होतं. १९७५ ला जॅक लाफित युरोपियन फॉर्म्युला टूचा (फॉर्म्युला वनच्या खालच्या वर्गाचा) विजेता झाला तो श्नित्झरने तयार केलेल्या बीएमडब्ल्यू इंजिनावर. आणि आणखी गंमत म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या टोयोटासाठी त्यांनी टर्बो लावलेली सेलिका बांधली. म्हणजे दुसऱ्या कंपनीची गाडीही त्यांना हाताळता येत होती. त्याच सुमारास, १९७८ ला, हराल्ड एर्टल त्यांच्या ३२० टर्बोवर जर्मन विजेता झाला.

म्हणून माझ्या मते प्रश्न थोडा वेगळा आहे. ज्यांना सत्तरच्या दशकात टोयोटा बांधता आली, ते २०२० पर्यंत फक्त एकाच कंपनीचे कसे होऊन बसले?

खाडीकाठ (दाभोळ)

बगळा, हा मुद्दा मनात होता, तुम्ही नेमका मांडलात. सेलिका आठवून दिल्याबद्दल आभार.

राजापूरची_गंगा

+१ बगळा.

सुमन_गुहागर

माझा मुलगा बारावीला आहे, दिवसरात्र असल्याच शर्यती बघतो. मी त्याच्या मागे बसून बघायला लागले आणि आता मलाही आवडायला लागलंय. त्याला चालक व्हायचं नाही, टीममध्ये काम करायचंय. गुहागरात बसून याचा रस्ता कुठून निघतो, कोणी सांगेल का? धाग्याचा विषय सोडून विचारते आहे, राग मानू नका.

पाना_बारा (चिपळूण)

सुमनताई, राग कसला. पहिलं, आयटीआय किंवा ऑटोमोबाइल डिप्लोमा होऊ दे. त्याबरोबर एखाद्या चांगल्या गॅरेजमध्ये हात काळे करू देत, पगाराची अपेक्षा न ठेवता. आपल्या बाजूला कोल्हापूरला कार्टिंग आहे. कार्टमध्ये सस्पेन्शन नसतं, त्यामुळे टायरचा दाब आणि सांगाड्याची वाकण्याची सवय लगेच समजते. सुरुवातीला उत्तम. पुढे मोठ्या शर्यती दक्षिणेत, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइंबतूरला कारी ट्रॅकवर. भारतीय टूरिंग कारचा वर्गही तिथे धावतो. तिथल्या टीमा छोट्या असतात, मेहनती पोराला कोणी नाही म्हणत नाही.

मंडणगडचा_वारा

कारी म्हणजे एस. करिवर्धन. कोइंबतूरच्या या माणसाने मारुतीच्या इंजिनावर स्वस्तातली फॉर्म्युला मारुती बांधली, त्यात आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी रेसिंग शिकलं. १९९५ ला विमान अपघातात गेला. ट्रॅकला त्याचंच नाव आहे. भारतात टीमांच्या इतिहासावर कोणी लिहिलं तर पहिलं प्रकरण त्याचं असावं.

सुमन_गुहागर

खूप आभार दोघांचे. मुलाला वाचून दाखवलं, तो कोल्हापूरला कधी जायचं विचारतोय.

वेंगुर्ला_एक्सप्रेस

विषयावर येऊन १९८७ ची गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय ही टीम समजत नाही.

जागतिक विजेतेपदाची पहिलीच शर्यत इटलीत मोन्झाला. एम३ गाड्यांनी पुढचे सहा नंबर पटकावले. मग तांत्रिक तपासणीत त्यांचे पत्रे नियमापेक्षा हलके निघाले आणि सगळ्या बाद. सातवी आलेली ऑस्ट्रेलियाची होल्डन, ॲलन मॉफट आणि जॉन हार्वीची, विजेती ठरली. श्नित्झरचा चालक रोबेर्तो राव्हालिया त्या दिवशी शून्यावर.

समोर होती स्वित्झर्लंडची एग्गेनबर्गर टीम, फोर्ड सिएरा घेऊन. टर्बो गाडी, सरळ रस्त्यावर एम३ च्या कितीतरी पुढे. पण ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात बाथर्स्टला त्यांच्या पहिल्या दोन आलेल्या गाड्या चाकांवरच्या कमानी नियमात न बसल्यामुळे बाद झाल्या, आणि तिसरा आलेला पीटर ब्रॉक विजेता झाला. वर्षाच्या शेवटी राव्हालिया एका गुणाने जगज्जेता. टीमचं विजेतेपद मात्र एग्गेनबर्गरने नेलं.

आता यात श्नित्झरचं काय? त्यांची गाडी सगळ्यात वेगवान कधीच नव्हती. पण ती शेवटपर्यंत टिकायची. लांब शर्यतीत गाडी टिकवणं आणि प्रत्येक फेरीचे गुण साठवणं, हे टीमचं काम. एवढं मी पाना दादांना देतो.

पाना_बारा (चिपळूण)

एवढं दिलंत, खूप झालं! राव्हालियाच्या त्या वर्षीच्या गाडीच्या चित्रफिती मी गॅरेजमधल्या पोरांना दाखवतो. तीनशे घोड्यांचं इंजिन, ना ट्रॅक्शन कंट्रोल ना काही, आणि पावसात मागचं चाक जराही घसरत नाही. आमच्याकडे आषाढात कशेडी घाट उतरणारा माणूस ते बघून गप्प बसतो.

कुडाळचो_झील

ह्या सगळा वाचलंय. आमच्याकडे दशावतारी कंपनी कशी चलता ता बघा. मालक एक, त्येच्या घरातली माणसा, पेटारो, पेटीवालो, पखवाजवालो. जत्रांचे दिवस सुरू झाले की रोज नवो गाव. गावकार पैसे देता, देवळाकडे जागा देता, पण नाटक कंपनीचा. राजा कोणी करूचो, राक्षस कोणी, ता मालक ठरवता.

श्नित्झरचा तसाच. बीएमडब्ल्यू म्हणजे जत्रा भरवणारो गावकार. एका गावकारान सांगल्यान, ‘फुडल्या वर्षी नको,’ तर कंपनीक दुसरो गाव असता. ह्येंका दुसरो गाव नाय होतो, कारण इतकी वर्सा एकाच देवळात खेळ केल्यानी. नाटक चांगला होता, पण बाकीचे गाव ह्येंका विसारले.

राजापूरची_गंगा

झीलभाऊ, याच्यापेक्षा नेमकं कोणी सांगितलं नाही इथे.

अभ्यासू_बगळा

खरंच. आणि याला आजच्या काळाची एक बाजू जोडतो. पूर्वी गाडी टीमने बांधायची असायची. आता जीटी३ सारख्या वर्गात कंपनी पूर्ण तयार गाडी विकते, पैसे असतील त्याने घ्यावी. हेड स्वतः बनवायची, सांगाडा स्वतः मजबूत करायची गरजच उरली नाही, तसं करायला परवानगीही नाही. श्नित्झरची जी खास विद्या होती, तिला नियमांनीच जागा ठेवली नाही. मग कंपनीसाठी पाच टीमांमध्ये फरक काय उरतो? जी स्वस्तात धावेल ती.

वेंगुर्ला_एक्सप्रेस

मला वाटतं इथे बगळा थोडं जास्त निराश होतायत. तयार गाडीतही फरक पडतोच. नुर्बुर्गरिंगची नॉर्डश्लाइफ जवळजवळ २१ किलोमीटरची, एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस. २४ तासांत कधी टायर बदलायचे हा निर्णय अजून माणसालाच घ्यावा लागतो. २०१० ला एम३ जीटी२ घेऊन जिंकले ते त्याच जोरावर.

मंडणगडचा_वारा

ल माँबद्दल, फ्रान्समधल्या त्या २४ तासांच्या शर्यतीबद्दल, कोणी बोललंच नाही. १९९९. मर्सिडीजच्या गाड्या त्या आठवड्यात अक्षरशः हवेत उडाल्या, शेवटी त्यांनी माघार घेतली. बीएमडब्ल्यूची पुढे असलेली एक गाडी अपघातात गेली. मग श्नित्झरच्या उरलेल्या गाडीमागे टोयोटा लागली, आणि शेवटच्या तासात टोयोटाचा टायर फुटला. मार्टिनी, विंकेलहॉक, दालमास जिंकले. गाडीचा सांगाडा इंग्लंडमध्ये विल्यम्सने बांधलेला, पण चोवीस तास तिला धावती ठेवली टूरिंग कारवर वाढलेल्या माणसांनी. योआखिम विंकेलहॉक तर यांचाच, १९९३ ला यांच्याच ३१८आय वर ब्रिटिश विजेता.

खाडीकाठ (दाभोळ)

मंडणगडकर, त्या १९९३ बद्दल मला नेहमी आश्चर्य वाटतं. जर्मन टीम, इंग्लंडात जाऊन, इंग्लिश ट्रॅकवर, पहिल्याच वर्षी विजेती. दुसरा नंबरही त्यांच्याच स्टीव्ह सोपरचा. आणि दोन वर्षांनी तोच सोपर जपानमध्ये जाऊन तिथला विजेता, टीम तीच. नवा देश, नवे ट्रॅक, नवे पंच, नवे टायर, आणि वर्षभरात सगळं आत्मसात. कंपनीचं चिन्ह बघून हे होत नाही.

म्युनिकचा_मालवणी

मी इथे नोकरीला आहे. म्युनिकहून साल्झबर्गला जाताना गाडी फ्रायलासिंगला थांबते. बाहेर बघितलं तर साधं गाव, मागे डोंगर. पहिल्यांदा आलो तेव्हा विश्वास बसेना की एवढ्याशा गावातून माणसं निघून जपान, अमेरिका, मकाऊपर्यंत जाऊन जिंकून यायची.

चार्ली लामबद्दल थोडं सांगतो, कारण या माणसाशिवाय हा इतिहास अपुरा आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मकाऊची शर्यत ही त्याची टीमप्रमुख म्हणून शेवटची, हे आधीच ठरलेलं होतं. शहरातला अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना भिंती. चालक आउगुस्तो फारफुस त्याच्यासाठी जिंकला. दोन महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, लाम अचानक गेला. वय ६३. त्याच आठवड्यात अमेरिकेत डेटोनाची २४ तासांची शर्यत होती. फारफुस तिथे दुसऱ्याच टीमकडून धावत होता. धो धो पावसात त्याच्या बीएमडब्ल्यूने आपला वर्ग जिंकला आणि त्याने तो विजय लामला अर्पण केला.

झीलच्या भाषेत सांगायचं तर मालक गेल्यावर कंपनी दोन हंगाम चालली.

सुमन_गुहागर

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. शेवटची शर्यत जिंकून गेला हे तरी बरं झालं.

पाना_बारा (चिपळूण)

मालवणी भाऊ, याचं वाईट वाटतं. माझा अंदाज असा की लाम असता तरी करार गेलाच असता, पण पुढे कुठे जायचं हे त्याने शोधलं असतं. तीस-पस्तीस वर्षं प्रत्येक पॅडॉकमध्ये (ट्रॅकमागे टीमा उतरतात त्या आवारात) वावरलेला माणूस. फोन उचलला की समोरच्याने ऐकलं असतं.

राजापूरची_गंगा

आणि त्या कामगारांचं काय झालं? मिस्त्री, इंजिनिअर, ट्रकचालक?

अभ्यासू_बगळा

गंगाताई, रेसिंगमध्ये माणसं सहसा दुसऱ्या टीमांत जातात आणि विद्या त्यांच्याबरोबर जाते. याचं आधीचं उदाहरण आहे. राव्हालियाने गाडी चालवणं सोडल्यावर आल्दो प्रेओबरोबर रोआल ही टीम काढली. जे श्नित्झरकडे बघत शिकला, ते इटलीला नेलं. त्याच रोआलच्या बीएमडब्ल्यूवर अलेक्स झानार्दी धावला. २००१ च्या अपघातात दोन्ही पाय गेलेला हा माणूस, हाताने चालवायची यंत्रणा बसवलेली गाडी, आणि २००५ ला ओशर्सलेबेनला जागतिक टूरिंग कारची शर्यत जिंकला. ती यंत्रणा बसवून, जुळवून, शर्यतीच्या वेगाला टिकवायचं काम टीमने केलं.

वेंगुर्ला_एक्सप्रेस

झानार्दीचं उदाहरण दिलंत तिथे मी थांबतो. बीएमडब्ल्यूशिवाय हा इतिहास घडला नसता यावर मी अजून ठाम आहे. पण कोणी घडवला, यावर आता वाद नाही.

खाडीकाठ (दाभोळ)

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. माझं मत आता असं बनलंय: इतिहास फ्रायलासिंगच्या माणसांचा, पण त्यांनी त्याची मालकी कधी स्वतःच्या नावावर ठेवली नाही. गाडीवर मोठं चिन्ह बीएमडब्ल्यूचं, करंडक बीएमडब्ल्यूच्या यादीत, टीमचं नावही शेवटी ‘बीएमडब्ल्यू टीम श्नित्झर’. जिंकत होते तोवर हे चाललं. झीलने सांगितलेला दुसरा गाव त्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकातच शोधायला हवा होता, तेव्हा जगातली कुठलीही कंपनी त्यांना दारात येऊन घेऊन गेली असती. मला याचा राग येतो, कारण ही टीम आज असायला हवी होती.

पाना_बारा (चिपळूण)

सहमत.

सुमनताई, मुलाला मे महिन्याच्या सुट्टीत चिपळूणला पाठवा. माझ्याकडे एक जुनी एस्टीम खोलून ठेवलेली आहे, ती त्याने आणि माझ्या पोरांनी मिळून उभी करायची. जेवण आमच्याकडे.

सुमन_गुहागर

पाठवते दादा! परीक्षा झाली की लगेच.

कुडाळचो_झील

माका पण कळवा, एस्टीम उभी रवली की बघूक येतंय.

मंडणगडचा_वारा

खाडीकाठ, पुढचा धागा टॉम वॉकिन्शॉच्या टीडब्ल्यूआर या ब्रिटिश रेसिंग टीमवर काढा. १९९४ ला त्यांनी ब्रिटिश शर्यतीत व्होल्वो ८५० ची इस्टेट उतरवली होती, लांब डिकीवाली घरगुती गाडी, आणि लोक बघतच राहिले. पुढच्या वर्षी सलून आणली. १९९८ ला रिकार्ड रिडेल एस४० वर विजेता. ही टीम जॅग्वार, रोव्हर, व्होल्वो, सगळ्यांकडे गेली. श्नित्झरच्या बरोबर उलट.

खाडीकाठ (दाभोळ)

काढतो. तीही टीम शेवटी बुडालीच, २००२ नंतर, तेव्हा त्यावर वाद आणखी रंगेल. वेंगुर्ला एक्सप्रेस, त्याआधी तुम्ही एग्गेनबर्गरवर लिहा, १९८७ तुमच्याइतकं कोणी वाचलेलं दिसत नाही.